टाकीची अर्धी ओळ

विद्यापीठाच्या आवारात ग्रंथालयाच्या मागे एक शिल्पबाग आहे. बाग म्हणायची म्हणून म्हणायची. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, दिवाळीनंतर कुणीतरी ते कापून नेतं आणि मग बारा दगड उरतात. बारा शिल्पकारांनी महिनाभर उन्हात बसून घडवलेले. त्यातला सातवा, कडुनिंबाखालचा, बघायला लोक मुद्दाम येतात. काळा, पुरुषभर लांबीचा, एका बाजूला उतरता दगड आहे तो. आरशासारखी चकाकी आणि त्या चकाकीच्या मधोमध दोन वितींचा एक खरखरीत पट्टा. बारीक ठिपक्यांच्या ओळी, एकीखाली एक, आणि शेवटची ओळ अर्ध्यातच तुटलेली.

त्या तुटलेल्या ओळीवर मी आजवर चार व्याख्यानं ऐकली आहेत. एका प्राध्यापकांच्या मते ते विस्थापन आहे. दुसऱ्यांच्या मते मौन आहे. तिसरे बराच वेळ बोलले, पण ते नक्की काय म्हणाले हे त्यांच्यासकट कुणालाच कळलं नाही. मी त्या विद्यापीठात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी स्थावर विभागात, म्हणजे इमारती, रस्ते, झाडं आणि गळके नळ यांच्या फायलींमध्ये. ती ओळ का तुटली हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मागच्या रांगेत बसून व्याख्यान ऐकत असे आणि संपलं की चहाचं बघायला जात असे.

शिल्पकारांचं ते महिनाभराचं शिबिर भरलं तेव्हा पुण्यात सगळंच नवीन नवीन येत होतं. घरोघरी केबल आली होती. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले होते. आमच्या कचेरीत एक संगणक आला होता. तो निळ्या प्लास्टिकखाली झाकलेला असे आणि त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे. अशा दिवसांत कुणीतरी वरिष्ठ परदेशी जाऊन आले आणि तिथल्या विद्यापीठांच्या हिरवळीवर शिल्पं असतात असं त्यांनी पाहिलं. झालं. खाणीतून ट्रकने दगड आले, मांडव पडले, आणि सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. का, तर मी 'करते'. कचेरीत एखादी बाई करते असं एकदा ठरलं की तिची निवृत्तीपर्यंत सुटका नसते.

सातव्या दगडाचे शिल्पकार दक्षिणेकडचे होते. पन्नाशीचे, अगदी कमी बोलणारे. त्यांच्याबरोबर आलेले दोन मदतनीस यंत्र चालवण्यात तरबेज होते, पण शिल्पकारांना हाताने बारीक कपची काढणारं कुणीतरी हवं होतं. त्यांनी मला विचारलं आणि मला एकदम आमची टाकीवाली आठवली.

आता घरात मिक्सर असलेल्यांना टाकी म्हटलं की गच्चीवरची पाण्याची आठवते, म्हणून सांगते. टाकी म्हणजे छिन्नीची धाकटी बहीण. बोटभर लांब, टोकदार. पाट्यावर रोज वाटून वाटून पाटा गुळगुळीत होतो आणि मग त्यावर खोबरं नुसतं सरकत राहतं, वाटलं जात नाही. अशा पाट्यावर टाकीने बारीक खड्डे पाडायचे, की तो पुन्हा धरतो. कर्वेनगरला आमच्या सोसायटीत एक बाई वर्षातून दोनदा यायची. खाली उभी राहून 'पाट्याला टाकीऽऽ' अशी हाक द्यायची. सडपातळ, काळीसावळी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. कपच्या उडून उडून तिचा उजवा डोळा कायम बारीक झालेला. मी तिला मावशी म्हणायची, ती मला ताई.

तिचे दोन नियम होते. टाकी लावून झाली की पहिलं वाटण फेकून द्यायचं, कारण त्यात कच येते. हा सगळ्यांना माहीत असतो. दुसरा तिचा स्वतःचा. सुरू केलेली ओळ अर्ध्यात सोडून ती उठायची नाही. चहा थंड होवो, कुणी हाक मारो. 'ओळ पुरी हूं द्या' म्हणायची आणि टकटक चालू ठेवायची. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाली, 'अर्ध्या वळीच्या पाट्यावर वाटल्यालं अंगी लागत न्हाई.' माझ्या सासूबाईंना हे फार पटलं होतं. त्या स्वतः कुणाला वाक्य पुरं करू देत नसत, पण तिची ओळ मात्र पुरी होऊ द्यायच्या.

मी तिला शिबिरात आणलं. हजेरीपटावर 'महिला मजूर, एक' असं लावलं. पहिल्या दिवशी ती त्या अवाढव्य दगडाभोवती दोनदा फिरली, त्यावर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, 'ताई, एवढा मोठा पाटा कुनाच्या घरचा?' मी हसले. शिल्पकारांना मी हिंदीत सांगितलं तर तेही हसले. मला वाटतं, त्या महिन्यात ते हसलेले मी तेवढंच पाहिलं. त्यानंतर त्या दोघांचं भाषेवाचून छान जमलं. ते खडूने रेघ काढत, ती रेघेपर्यंत दगड उतरवत आणायची. तिच्या हाताखाली दगडाची कपची कागदासारखी सुटायची. दुपारी ते मांडवाच्या एका टोकाला डबा खात, ती दुसऱ्या टोकाला भाकरी खायची, आणि दोघंही खाताना दगडाकडेच बघत असत.

मग शेवटच्या आठवड्यात मदतनिसांनी पॉलिश सुरू केलं. पाणी मारायचं, यंत्र फिरवायचं, पुन्हा पाणी. दिवसागणिक दगड चकाकायला लागला. तिला काम उरलं नव्हतं, पण हजेरी चालू होती, म्हणून ती बसून असायची. मी जाता-येता बघायची. ती अस्वस्थ होती. एकदा तिने त्या उतरणीवर तळवा ठेवला आणि तो खाली घसरला तशी तिने मान हलवली. मला ते दिसलं होतं. मी त्याचा विचार केला नाही, कारण माझ्यापुढे शंभर खुर्च्या, दोन सतरंज्या आणि पाहुण्यांच्या नारळांचा विचार होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी मी साडेआठला पोचले. मांडवातून टकटक ऐकू येत होती. यंत्राचा आवाज नव्हता, तोच ओळखीचा आवाज, आमच्या सोसायटीतल्या जिन्याखालचा. मी धावतच गेले. ती दगडावर गोणपाट टाकून बसली होती, डाव्या हातात टाकी, उजव्या हातात हातोडी, आणि त्या आरशासारख्या उतरणीच्या बरोब्बर मधोमध तिने दोन वितींचा पट्टा टाकून ठेवला होता. काळ्या चकाकीत राखाडी, आंधळा पट्टा.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. 'तुम्हाला कुणी सांगितलं होतं' इथून सुरुवात झाली आणि 'महिनाभराचं काम मातीत घातलंत' इथपर्यंत गेली. शिपाई, दोन्ही मदतनीस, शेजारच्या दगडावरची माणसं, सगळे बघत होते. ती घाबरली नाही, तिला फक्त आश्चर्य वाटलं.

'ताई, गुळगुळीत दगूड काय कामाचा? हात ठरत न्हाई त्याच्यावर. घडवून झाल्यावर टाकी नको व्हय लावाया?'

'उठा आधी.'

'एवढी वळ हूं द्या. थोडीच ऱ्हायलीया.'

मी वाकून तिच्या हातातून टाकी काढून घेतली. तिची मूठ तशीच राहिली, टाकी धरल्यासारखी. मग तिने ती हळूहळू उघडली, गोणपाट घडी केलं आणि ती निघाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. दगडाकडे बघितलं.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी कचेरीत जाऊन ताबडतोब वरिष्ठांच्या नावे एक टिपण लिहिलं. सदर महिला मजुराने कोणाचीही परवानगी न घेता शिल्पाचे नुकसान केले असून तिला तात्काळ कामावरून कमी करण्यात आले आहे. तिला आणलं मी होतं ना, मग अंगाशी यायच्या आत हात झटकायला नकोत? माझं अक्षर चांगलं आहे. ते टिपणसुद्धा सुंदर दिसत होतं.

दहा वाजता शिल्पकार आले. मी हात जोडूनच उभी होते. त्यांनी पट्टा पाहिला. चप्पल काढून चौथऱ्यावर चढले, डोळे मिटले आणि तळवा वरून खाली नेला. चकाकीवरून तो घसरत आला आणि खरखरीत भागावर येऊन थांबला. त्यांनी तो पुन्हा वर नेला. पुन्हा थांबला. असं चार-पाच वेळा केल्यावर त्यांनी मला विचारलं, 'ये किसका हाथ है?'

मी सांगितलं, त्या बाईची चूक झाली, तिला काढून टाकलं आहे.

ते हिंदीत म्हणाले की ही चूक नाही. मी दगडाला आरसा करत होतो, तिने त्याला परत दगड केलं. तिला बोलवा. तिला जेवढं करायचं असेल तेवढं करू दे, ही ओळ तर तिला पुरी करूच दे.

मी 'हो' म्हणाले आणि कचेरीत येऊन बसले.

ती कालव्याजवळच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायची. शिपायाला पाठवलं असतं तर अर्ध्या तासात आली असती. पण टिपण सही होऊन फायलीला लागलं होतं. आता दुसरं टिपण लिहायचं, की पहिलं चुकलं. शिपायापुढे आणि त्या सगळ्या माणसांपुढे तिला म्हणायचं, की मावशी, या, बसा, ही घ्या तुमची टाकी. माझ्याच्याने ते झालं नाही. दुसरं काहीही कारण नव्हतं. तासाभराने मी मांडवात गेले आणि शिल्पकारांना सांगितलं, ती गावाला गेली.

त्यांनी एका फुटक्या तुकड्यावर स्वतः चार घाव घालून पाहिले. मग आपली छिन्नी ठेवून दिली आणि म्हणाले, 'मेरा हाथ नहीं है ये.' ओळ तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या. चौथऱ्यावरच्या पितळी पाटीवर शिल्पकारांचं नाव लागलं. काही वर्षांनी ते गेल्याची बातमी मी पेपरात वाचली, दोन इंचांची. आता ते त्या दिवशी काय म्हणाले होते हे सांगणारी मी एकटीच उरले होते, आणि मी सांगत नव्हते.

ती आमच्या सोसायटीत पुन्हा आली नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं, 'यंदा टाकीवाली कशी आली नाही?' मी बुधवार पेठेत जाऊन मिक्सर घेऊन आले. पाटा बाल्कनीत गेला आणि त्यावर कोरफडीची कुंडी बसली. तिची टाकी माझ्या कचेरीतल्या खणात होती. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या शालीबरोबर तीही घरी आली. वाऱ्याने पेपर उडू नयेत म्हणून मी ती ठेवायला लागले. काम चांगलं करायची.

एकदा मी कालव्यावर गेले होते, हेही सांगायला हवं. शिबिरानंतर वर्षभराने असेल. ती दारात बसून भाकऱ्या थापत होती. मी लूनाचा वेग कमी केला आणि पुन्हा वाढवला. पुढे तिथून रस्ता गेला, खोल्या पाडल्या, आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आता जायचं म्हटलं तरी कुठे जाणार, असं स्वतःला सांगता येत होतं.

मग माझ्या मुलीने वाघोलीला फ्लॅट घेतला. ती आणि जावई दोघं आयटीत. बारावा मजला, खाली पोहण्याचा तलाव, आणि स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा इतका गुळगुळीत ओटा की त्यावर वाटीसुद्धा सरकते. तिच्याकडे राहायला गेले असताना एके सकाळी मी भाजी घ्यायला खाली उतरले. फाटकाशी, वॉचमनच्या केबिनच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. वॉचमनशी दोन शब्द बोलून मी पुढे निघून गेले होते, मागून आवाज ओळखल्यासारखी हाक आली.

'इद्यापीठातल्या ताई न्हवं का?'

उजवा डोळा बारीक. मी जागीच थांबले. मग परत फिरून तिच्यापुढे उभी राहिले.

तिची सून त्या सोसायटीत तीन घरी स्वयंपाक करायची. दिसायला कमी झाल्यापासून ती सुनेबरोबर यायची आणि काम होईपर्यंत सावलीत बसायची. तिच्या बोलण्यात राग नव्हता. उलट तिनेच ओशाळून विचारलं, 'त्या दगडाचं पुढं काय केलं वो? टाकून दिला का?'

'नाही. आहे तिथंच आहे.'

'लई वाईट वाटतं बगा. त्या मानसानं पोटच्या पोरावानी जपला हुता. आन म्या बिघिवला.' मग म्हणाली, 'त्याच्या फुडं म्या टाकी हातात घेतली न्हाई. दिसभर कुनाच्या दारात जायाचं आन त्येचाबी पाटा बिघडायचा. म्हनलं, गेली आपल्या हातातली कळ. सुनंलाबी शिकीवली न्हाई.'

मी तिथे फाटकात उभी होते, हातात रिकामी पिशवी. इतकी वर्षं मी माझ्या अपराधाचा विचार केला होता, तिचं काय झालं असेल याचा विचारच केला नव्हता. तिने स्वतःलाच दोषी ठरवलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण मी म्हणाले काय, तर 'मावशी, रविवारी चला, दाखवते तुम्हाला.'

'नगं ताई. कशाला बगायचं?'

'चला. माझ्यासाठी चला.'

रविवारी आम्ही बसने गेलो. मी पर्समध्ये टाकी नॅपकिनात गुंडाळून घेतली होती. बसमध्ये दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा तिला बाहेरची एखादी इमारत दाखवली. ती नवं लुगडं नेसली होती, हातात दोन पेरू होते, एक माझ्यासाठी.

बागेत शिरल्यावर ती कडुनिंबापाशी थबकली. मग माझा हात धरून चौथऱ्यावर चढली आणि दगडावर हात ठेवला. तिला नीट दिसत नव्हतं, पण दिसायची गरज नव्हती. बोटं चकाकीवरून सरकत पट्ट्यावर आली. एकेक ओळ वाचत ती खाली गेली, शेवटच्या ओळीवर बोट धरून चालली आणि जिथे ओळ संपते तिथे थांबली. 'हितंच,' म्हणाली.

मी आता बोलणार, एवढ्यात घोळका आला. हे शनिवार-रविवारचे हेरिटेज वॉकवाले. पंधरा-वीस तरुण मुलं-मुली, पायात बूट, पाठीवर सॅक, एक-दोघांच्या गळ्यात सुट्टीच्या दिवशीही कंपनीचं कार्ड. त्यांना माहिती देणारी मुलगी पंचविशीची, उत्साही, आवाज खणखणीत. आम्हा दोघींना तिने हसून बाजूला जागा करून दिली आणि सुरू झाली.

'सो, हा या गार्डनचा मास्टरपीस. बघा, सगळं हायली पॉलिश्ड आहे आणि मध्येच हे रफ टेक्स्चर. आणि ही लास्ट लाइन, इथे आर्टिस्ट डेलिबरेटली थांबलाय. अर्धी सोडलीये. तेच त्याचं स्टेटमेंट आहे.'

सगळ्यांनी फोटो काढले. मावशीने माझ्या दंडाला हात लावला. 'काय म्हंतीया ती पोर?'

'म्हणतेय, कलाकार मुद्दाम थांबला.'

'थांबला व्हय,' ती म्हणाली. आपल्या डाव्या हाताची मूठ तिने एकदा मिटली आणि उघडली.

ती मूठ मी आधी पाहिली होती. मला पुढे गप्प बसवेना.

'अहो, कुणी थांबलं नव्हतं,' मी त्या मुलीला म्हणाले. आवाज जरा चढलाच, आमच्याकडे तो आपोआप चढतो. 'हे टाकीचं काम शिल्पकारांनी केलेलं नाही. या बाईंनी केलंय. त्या ओळ पुरी करत होत्या आणि मी यांच्या हातातून टाकी काढून घेतली आणि यांना उठवलं. मी तेव्हा इथे नोकरीला होते.'  मी मावशीकडे वळले, कारण पुढचं तिलाच सांगायचं होतं. 'मावशी, त्यांना ते आवडलं होतं. त्याच दिवशी म्हणाले, ही चूक नाही, त्यांना बोलवा, ओळ पुरी करू दे. तुम्ही काहीही बिघडवलं नव्हतं. मी बोलावलं नाही. गावाला गेल्यात म्हणून सांगितलं. मला लाज वाटली म्हणून.'



'त्याच दिशी म्हनले हुते?' तिने विचारलं.

'हो.'

'आन तुमाला माजं घर ठावं हुतं.'

'हो.'

ती दगडाकडे वळली. मग म्हणाली, 'वाईट केलंत ताई.'

मला रडू आलं. तिला आलं नाही. तिने माझी समजूत घातली नाही, ते बरंच केलं. एका मुलाने पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने घेतली, पाणी प्यायली, तोंड पुसलं. मग बोटं पुन्हा त्या ओळीच्या टोकाशी नेऊन तिने पुढच्या गुळगुळीत जागेवर टिचक्या मारल्या. मोजत होती. 'पाच घाव ऱ्हायल्यात.'

मी पर्समधून नॅपकिन काढला, सोडला आणि टाकी तिच्यापुढे धरली. ती तिने हातात घेण्याआधीच ओळखली.

'आजी, प्लीज कम्प्लीट करा ना,' ती माहिती देणारी मुलगी म्हणाली. तिचे डोळे ओले होते, चांगली पोर होती. 'तुमचीच लाइन आहे ती.' मागे दोन-तीन मोबाइल वर झाले. मीही म्हणाले, 'करा मावशी. त्यांनीच सांगितलं होतं.'

तिने टाकीचं टोक अंगठ्यावर घासून पाहिलं. ओळीच्या टोकाला लावलं. उजवा हात हातोडीच्या अंदाजाने वर गेला, आणि तिने तो खाली घेतला.

'नगं,' ती म्हणाली. 'पुरी केली तर कुनाला कळायचं न्हाई. ऱ्हाऊ द्या अशीच. कळूं दे, हितनं एका बाईला उठीवलं हुतं.'

अर्ध्या ओळीवरून कधीही न उठणारी ती बाई टाकी पदरात बांधून चौथऱ्यावरून खाली उतरली. घोळका बाजूला झाला. कुणी फोटो काढला नाही.

परतीच्या बसमध्ये तिने माझ्यासाठीचा पेरू मला दिला.  येरवड्याच्या पुढे आल्यावर ती म्हणाली, 'तुमचा पाटा हाय का इकला?'

'बाल्कनीत आहे. कुंडीखाली.'

'कुंडी काढा,' ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

गुरुवारी ती सुनेला घेऊन कर्वेनगरला आली. मी पाटा धुऊन, पुसून हॉलमध्ये मधोमध ठेवला होता. तिने गोणपाट आणि हातोडी मागून घेतली, पाय पसरून बसली, आणि सुनेला जवळ बसवून तिचं बोट आपल्या टाकीवर ठेवलं. पहिले दहा-बारा घाव वाकडे गेले. तिने शिवी हासडली, मला की दगडाला, मी विचारलं नाही. मग हात बसला. टकटक सुरू झाली, तशीच, तेवढ्याच अंतराने.

पाचेक मिनिटांत दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचा मुलगा, कानात इअरफोन. 'काकू, माझा कॉल चालू आहे. हा आवाज अजून किती वेळ?'

'ओळ पुरी होईपर्यंत,' मी म्हणाले आणि दार लावलं.

चहा गार झाला. मी तो पुन्हा गरम केला नाही की तिला हाकही मारली नाही. समोर जमिनीवर बसून राहिले. शेवटची ओळ डाव्या कडेपासून निघाली आणि उजव्या कडेला जाऊन टेकली. तिने फुंकर मारली, सगळ्या पाट्यावरून तळवा फिरवला, सुनेचाही फिरवला. मग टाकी तिने आपल्या हाताने खाली ठेवली.